झऱ्याकाठचे दोघे

बुखारा, १२ एप्रिल

लाडक्या मोहिरास,

आईचे आशीर्वाद. जावईबापूंना सलाम, शेरोझच्या दोन्ही गालांचे पापे. त्याला दात आले का गं? अंगणातल्या जर्दाळूला फळ धरलंय. माझा गुडघाही बरा आहे. फोनवरच बोलणार होते, पण तू "काय झालं?" विचारलंस की मी हवापाण्यावर घसरते. म्हणून हे पत्र.

काम जोरात आहे. आपल्या जुन्या प्रेमकाव्यातली झऱ्याकाठची भेट आम्ही रंगवतोय. ती पाणी प्यायला थांबते, तो पलीकडून बघत राहतो, तीच. आमच्या चित्रांच्या कारखान्यातली रीत तुला ठाऊकच आहे. झाडं, पाणी, कपडे, केस मुरलेल्या हाताच्या उस्ता रजबकडे. चेहरे माझ्याकडे, सगळ्यात शेवटी.

गेल्या आठवड्यात कागद माझ्या हाती आला. बघते तर काय, नायिकेच्या काळ्याभोर वेणीत एक पांढरी बट!

म्हटलं, "उस्ता, म्हातारचळ लागला की काय? ही सोळा वर्षांची पोर आहे!"

मान वर न करता म्हणाले, "इतकी वर्षं तुमच्यासमोर बसून जे बघतोय तेच काढलं, सबोहत. पटत नसेल तर खोडा."

मी खोडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची बहीण दोन नान फडक्यात बांधून मागणी घालायला दारात हजर. नान मोडला की होकार, हे काय मी तुला सांगायचं! मी मोडला नाही. चहा पाजला आणि म्हटलं, लेकीला विचारते. त्यांची बहीण खो खो हसली. "अगं बाई, लेकी आईला विचारतात असं ऐकलं होतं!"

मोहिरा, गेल्या खेपेला तू म्हणालीस, "हा माणूस बाबांच्या जागेवर बसून चहा पितो." उस्तांनी ते ऐकलं होतं गं. तेव्हापासून ओट्याच्या पार टोकाला बसतात, उन्हात. मी सावलीत बोलावलं तरी हलत नाहीत.

बाबांची जागा बाबांचीच आहे. तिथे कुणी बसणार नाही, मी बसू देणार नाही. पण ते गेल्यापासून संध्याकाळी एकटीपुरता चहा टाकताना जीव नकोसा होतो. मला उस्ता आवडतात. लिहिलं बाई एकदाचं! कान तापले माझे, या वयात.

चित्रात तिचा चेहरा झालाय. त्याचा अजून कोरा आहे. तू नको म्हणालीस तर नेहमीचा मिसरूड फुटलेला पोरगा काढीन, ती बट खोडीन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही, तुझी शपथ. रागावणारही नाही. हो म्हणालीस तर त्यांचाच चेहरा काढीन, एक सुरकुती सोडणार नाही.

नान फडक्यात तसेच आहेत, वाळत चाललेत. रविवारी ये. तोंडाने काही बोलायला जमलं नाही तर बोलू नकोस. नान मोडून चहात बुडवलास, तरी मला कळेल.

कुंचला भिजवून बसलेली,
तुझी आई