मशाल आणि हातोडी यांत एक वीत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, आयुष्यभर दातांच्या कवळ्या घडवून आता निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि पोटात चहा गेल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो आणू शकेल अशी एकच व्यक्ती आहे आणि ती आत्ता माडीवर कपडे वाळत घालते आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात लिहिले होते.

कलम १. घराची माडी मी माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, देते. नुसती राहायला नव्हे, मालकीने. कारण नोंदवणे भाग आहे.

माझ्या यजमानांनी दिवाणखान्यात समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी मांडून तीत दोन जिवंत प्रवाळे लावली. सोनेरी टोकांचे ते 'मशाल', हिरव्या टोकांचे ते 'हातोडी'. दिसायला फुले, वागायला विंचू. जवळ आली की मशाल हातोडीला डंख मारून मारून संपवते, म्हणून यजमानांनी ती दोन टोकांना ठेवली होती. ते गेल्यावर वर्षभराने मी लेकीच्या बाळंतपणाला गेले आणि टाकी वन्संवर सोपवली. शाळेची बस तीस वर्षे विनाअपघात चालवलेली बाई! पण "दादाची दोन्ही लाडकी अशी लांब लांब का?" म्हणून त्यांनी मशाल उचलून हातोडीला खेटून ठेवली. मी परतले तेव्हा हातोडीचा पांढरा सांगाडा उरला होता.

मी नको ते बोलले. "या घरात तुमचं आहेच काय, हात लावायला?" कागदोपत्री ते खरे होते, हेच वाईट. सासऱ्यांनी घर मुलाच्या नावे केले होते, यजमानांमागे ते माझे झाले. मुलीला माडी फक्त राहायला. वन्सं रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तो सांगाडा फेकू नका, वहिनी. दादानं लावलाय."

नंतर तीन वर्षे आम्ही एकाच जिन्यावरून आलो-गेलो, पण बोललो नाही. सांगाडा मी फेकला नाही, तोही हट्टाने: त्यांना रोज दिसावा म्हणून.

मग एका रविवारी सकाळी काच पुसताना सांगाड्याच्या बुडाशी हरभऱ्याएवढे हिरवे काहीतरी हलले. मी ओल्या हातांनीच जिना चढले.

"वन्सं! हातोडीला पिल्लू फुटलंय!"

त्या धावत खाली आल्या आणि काचेला नाक लावून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, मशाल किती लांब हवी?"

"एक वीत. माझी. तुमची तोकडी आहे."

त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की टाकीतले मासे कपारीत जाऊन बसले. आज हातोडीला अकरा तोंडे आहेत. सांगाडा माझ्या हट्टाने राहिला, पण सांगणे वन्संचे होते, श्रेय त्यांचे. या घरात त्यांचे काय आहे, याचे उत्तर आता कागदावर असावे.

कलम २. तळमजला आणि बँकेतली ठेव लेकीला. वन्सं आहेत तोवर टाकीच्या जागी तिने सोफा आणू नये.

कलम ३. टाकी वन्संना, त्यांच्यामागे नातीला. नवे प्रवाळ आणल्यास दुकानदार "काही होत नाही हो" म्हणेल. विश्वास ठेवू नये, वीत मोजावी.

कलम ४. माझी मेण कोरायची सुरी आणि पॉलिशचे यंत्र शेजारच्या दंतवैद्यांना. एकतीस वर्षे त्यांनी माझी प्रत्येक कवळी "जरा उंच वाटते" म्हणून परत पाठवली. आता त्यांनी स्वतः घासून बघावे.

कलम ५. इथवरचा मसुदा वन्संनी काल वाचला. चष्मा दोनदा पुसला. मग कडाडल्या, "मी तुमच्याहून तीन वर्षांनी मोठी. आधी मी जाणार, आणि माडी मला?" आज सकाळी त्यांनी त्यांचेही मृत्युपत्र करायला घेतले. माझ्याकडून मिळणारी माडी त्यांनी त्यात मलाच ठेवली आहे. वकीलबाई म्हणतात, "दोन्ही कागद कायदेशीर आहेत. आधी कोणी जायचे ते तुमचे तुम्ही ठरवा." आम्ही ठरवले आहे. कोणीच नाही, इतक्यात तरी.

ठिकाण: राहते घर, दिवाणखाना
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: शेजारचे दंतवैद्य (सही, कलम ४ अजून वाचलेले नाही)
साक्षीदार २: टाकीच्या माशांचे दुकानदार (सही)