अक्कांनी गच्चीवरून नारळ सोडला

ती. वासुदेवदादास,

सुखदाचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल आणि वहिनी तुला वजनं उचलू देत नसेल, असं धरून चालते. इकडे शिवाजीनगरात आम्ही सगळे ठीक, म्हणजे जखमी कुणी नाही.

गेल्या खेपेला तू फिजिक्सचं ते सोप्या मराठीतलं पुस्तक आमच्याकडे विसरलास (की मुद्दाम ठेवलंस, कॉलेजात शिकवून पोट भरत नाही म्हणून?). ते माझ्या सासूबाईंच्या हाती लागलं. मामंजी गेल्यापासून अक्का खिडकीशी बसून असायच्या. जेवायला बोलावलं की कानडीत "सरी" म्हणायच्या, म्हणजे 'बरं', दिवसभराचं बोलणं तेवढंच. परवा मात्र मी कुकर लावत असताना मागे येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "सुखदा, वरून टाकलं तर आधी काय पडतं, जड का हलकं?" मी म्हटलं, जड. (तुझी सख्खी बहीण असून.) त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

संध्याकाळी एका हातात नारळ, दुसऱ्यात लिंबू घेऊन त्या गच्चीवर. मला खाली उभं केलं, येणाऱ्याजाणाऱ्यांना लांब ठेवायला. माणसं मी ठेवली रे लांब, पण खालच्या मजल्यावरच्या भीमाचार्यांची स्कूटर कुठे ठेवणार? नारळ सीटवर आपटून फुटला, लिंबू फरशीवर पडलं. भीमाचार्य बाहेर आले. मी हात जोडून माफी मागायला लागले, तोच वरून अक्कांनी विचारलं, "आचार्रे, आधी काय पडलं?"

"नारळ," ते म्हणाले. (सीटकडे बघत.)

"तुमची स्कूटर मध्ये आली म्हणून. ती स्वल्प बाजूला घ्या, परत टाकते."

आणि दादा, त्या सज्जन माणसाने फाटलेल्या सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने स्कूटर भिंतीला लावली. दुसऱ्या नारळाच्या वेळी तर ते जिन्याच्या आडोशाला उकिडवे बसून टक लावून बघत होते. "दोन्ही एकदम, अक्का," त्यांनी खालून सांगितलं, आणि वर अक्का हसल्या. मामंजी गेल्यानंतर ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. मी थोडा वेळ जिन्यातच थांबले, डोळे पुसून वर गेले, तर त्या सगळ्यांसाठी कॉफी टाकत होत्या.

तरी हे रोज परवडणारं नाही. येऊन तुझं पुस्तक घेऊन जा.

तुझी,
सुखदा

ता. क. पुस्तक न्यायला येऊ नकोस. शेवटच्या प्रकरणात गणित आहे, तिथे अक्का अडल्यात. त्यांची शाळा सातवीत सुटली. काल मला हळूच म्हणाल्या, "आता शिकलं तर चालेल का गं?" मी हो म्हणून बसलेय, आणि माझं गणित तुला माहीत आहे. आठवीचं पुस्तक पाठव.

आणखी एक. पाकिटावर माझं नाव नको, अक्कांचं, श्रीमती जमनाबाई असं ठळक लिही. आमचा पोस्टमन जिन्यातून नाव घेऊन हाक मारतो. मामंजींच्या मागे त्यांना नावाने हाक मारणारं या घरात कुणी उरलेलं नाही.