मी स्वतः बघितलो

सिंगापूर
रविवार, १५ जून २०२५

प्रिय रुचिरा,

सप्रेम नमस्कार. सतरा वर्षांनी माझं अक्षर बघून तुला नवल वाटेल. काकू कशा आहेत?

आज सकाळी कपडे धुतले, कोथिंबीर आणली. दुपारी काही केलं नाही. काल चैत्रालीचं तेरावं झालं.

तुला कुणी कळवलं नसेल. कळवायचं काम माझ्याकडे होतं.

मार्चमध्ये कॅन्सर कळला. सगळा मे ती इथेच, नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमध्ये होती. ऑफिस सुटलं की मी जायचे. एकदा तिच्या मुलीने, इराने, टॅबवर एक कोरियन सिनेमा लावला. शाळेतल्या तीन मैत्रिणी; एकीने काहीतरी लपवलेलं आणि आळ दुसरीवर. मी पाणी आणायला म्हणून उठले. परत आले तर इरा पडद्यावरच्या मुलीला इथल्या सिंगापुरी ढंगात सांगत होती, "जस्ट से सॉरी ला! इतकं काय त्यात?"

चैत्राली हसली. "साधना, रुचीला बोलाव गं. सॉरीबिरी काही नको. नुसतं दारातून 'काय करालीस गं' म्हणू दे. नंबर शोध तिचा."

नंबर माझ्याकडे होता. दोन दिवसांनी मी सांगितलं, लागत नाही. तिने आणखी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं.

तू आली असतीस तर त्या पत्राचा विषय निघाला असता.

हॉस्टेलच्या शेवटच्या वर्षी तिच्या बाबांना आलेलं ते निनावी पत्र. 'तुमची मुलगी एका मुलाबरोबर फिरते. मी स्वतः बघितलो.' बाबा तिला परीक्षेआधीच घेऊन गेले, डिग्री राहिली ती राहिलीच. त्या मुलाबद्दल तिने फक्त तुला सांगितलं होतं. आणि 'बघितलो' म्हणणारी, कोल्हापूरची, तू एकटी. दुसऱ्या कुणाचं नाव निघालंच नाही. तू रडत रडत खोली सोडलीस. तुझी बॅग भरायला मीच मदत केली.

ते पत्र मी लिहिलं होतं.

तुझं बोलणं कानात बसलेलं, चुकून उतरलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. चुकून नाही. आधी 'बघितलं' लिहिलं होतं. मग कागद बदलला.

कारण एवढंच, की तिने तुला सांगितलं, मला नाही. मी ते दाराबाहेरून ऐकलं.

शेवटच्या दिवशी म्हणाली, "रुची भेटली तर सांग, मी ते कधीच विसरले." तू न केलेल्या गोष्टीची तुला माफी देऊन गेली. तिचा हात माझ्या हातात होता. संध्याकाळपर्यंत ती शुद्धीवर होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, रुचिरा. मी नुसती पांघरूण सारखं करत बसले.

तिच्या नवऱ्याला, अमेयला, अजून बोललेले नाही. इराला तर कसं सांगू? ती मला मावशी म्हणते.

माफ कर असं लिहायचा मला हक्क नाही. पण हे तू कुणाला तरी सांग. माझं नाव घेऊन, मोठ्याने सांग. मला एकटीला हे आता धरवत नाही.

अमेय आज जेवायला बोलावत होता. बरं नाही म्हणून कळवलं. कुकर झाला आहे. वरणभात वाढून घेते.

साधना