उंबऱ्याकडं वळणारी सुई

मखमलाबाद, नाशिक
गुरुवार, १० डिसेंबर १९९८

तीर्थस्वरूप लंकावन्सं यांना आपल्या भावजयीचा, ठमाचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? सायखेड्याला नदीकाठची हवा लय गार, म्हणून आधी तेच विचारते. ज्ञानेशला मनमाडला रेल्वेत कायम केलं आणि त्याच्या बायकोला सातवा लागला, हे बाजारात तुमच्या गावच्या रंगूबाईकडून कळलं. ऐकून मी तिथंच तिच्या हातावर साखर ठेवली. इकडं सगळे खुशाल. महेश मळ्यात, सूनबाई शुभांगी वेण्या करण्यात (मार्गशीर्षाचे गुरुवार आहेत, शेवंती पुरत नाही) आणि मी नातीच्या अभ्यासात. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. दुसरीतनं शाळा सुटली होती ती चार वर्षांपूर्वी साक्षरतेच्या वर्गात पुरी केली. कुठं काना राहिला तर तुमच्या पदरचा घालून घ्या.

वन्सं, चौतीस वर्षं झाली, तुम्ही ह्या घरात पाणी प्यायला नाही. तान्ह्या ज्ञानेशला घेऊन सासरी निघालात त्या दिवशी सासूबाईंचा विळा सापडेना, आणि भर अंगणात, जावईबापूंसमोर, मी बोलले की वन्संचं गाठोडं बघा. गाठोडं सोडलं, झबली-टोपडी मातीत पडली, विळा काही निघाला नाही. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही आलात, अंगणातच रडलात आणि अंगणातूनच परत गेलात. आज मला त्या विळ्याचंच सांगायचं आहे, पण त्याच्या आधी चुंबक येतं, त्याला माझा इलाज नाही.

तर मंजुषा (महेशची थोरली, नववीत आहे, नाक अगदी तुमचं) हिला शास्त्राच्या सरांनी सांगितलं की चुंबकावर प्रकल्प करून आणायचा, आणि कोणता करणार ते शनिवारपर्यंत कळवायचं. पोरगी घरी येऊन रडायला बसली. म्हणे सगळ्यांनी चांगले चांगले घेऊन टाकले, मला काही उरलं नाही. मी म्हटलं, बये, आपल्या घरी काय कमी आहे, एकेक करून बघू. महेशच्या मेलेल्या रेडिओतनं तिनं कर्ण्यामागचं गोल चुंबक काढलं. जड, काळं, आणि हातात धरलं की गार. रेडिओ बंद पडून पाच वर्षं झाली, पण ह्याच्यातला जीव गेलेला नव्हता हे पहिल्याच दिवशी कळलं. ते चुंबक मी खुर्प्याच्या फळीवर ठेवलं, तर खुर्पं आपणहून सरकत आलं. मी मागं सरले. मंजुषा हसली. मग मीपण हसले, पण मागं सरूनच.

पहिल्यांदा वाळू केली. गच्चीच्या कामाची गोदागंगेची वाळू पडलेली होती, तीत चुंबक फिरवलं तर त्याला काळे काळे कण चिकटले आणि ताठ उभे राहिले, भ्यालेल्या मांजराच्या पाठीवर केस उभे राहतात तसे. कागदावर टाकून खालून चुंबक हलवलं की सगळे एकदम मान वळवायचे. मंजुषा म्हणाली, "आजी, हे लोखंडाचे कण हायेत." मी म्हटलं असतील. पण गंगेत कुणाकुणाचं काय काय सोडलेलं असतं ते तुम्हाला-मला माहीत. ते माझ्याकडं वळून बघायला लागले तेव्हा मी कागद झटकला आणि सांगितलं, हा प्रकल्प नको.

मग खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून बॅटरीच्या सेलला जोडली. तार जोडलेली असेपर्यंत खिळा टाचण्या घट्ट धरायचा. एक टोक काढलं की सगळ्या टपाटप खाली. मी पन्नास वेळा तरी करून बघितलं असेल. (ह्यांचं शेवटचं असंच झालं, वन्सं. दवाखान्यात माझं मनगट धरलं होतं. धरलं होतं, धरलं होतं, आणि मग सुटलं.) मंजुषाला हे बोलले नाही. तिनं आपणच सांगितलं की खिळा वर्गात अकरा जणांनी घेतलाय.

तिसरी सुई. शिवायची सुई चुंबकावर एकाच बाजूनं घासायची, तेलाचं बोट लावायचं, आणि काशाच्या वाटीत पाणी घेऊन शेवंतीच्या पाकळीवर तरंगत सोडायची. वन्सं, मला इतकी मजा आयुष्यात आली नाही. सुई हळूहळू फिरते, थरथरते, आणि तिचं टोक उत्तरेला, दिंडोरीच्या अंगाला जाऊन थांबतं. अंगणात दिंडोरी, ओट्यावर दिंडोरी, गोठ्यात दिंडोरी. दिशा बदलून ठेवली तरी ती परत आपल्या जागी. मी शेजारणीला बोलावून दाखवलं, दूधवाल्याला थांबवून दाखवलं. शुभांगी म्हणाली, "आत्याबाई, भाकऱ्या तुम्ही करणार का सुई करणार?" मी म्हटलं, आज तू कर, मी शाळेत आहे.

आणि मग मंजुषा वाटी घेऊन मागच्या स्वैपाकघरात गेली. तिथं, उंबऱ्याच्या उजव्या अंगाला, सुईनं दिंडोरी सोडली. सरळ वळली आणि उंबऱ्याकडं टोक करून थांबली. तो कोपरा तुम्हाला माहीत आहे. सासूबाई बरोबर बारा वाजता तिथं भिंतीला पाठ लावून मशेरी लावायच्या आणि माझ्याकडं बोट करून काय राहिलं ते सांगायच्या. मी घड्याळाकडं बघितलं. बाराला पाच कमी होती. वाटी डावीकडं सरकवली, तर सुई उजवीकडं वळली. पुढं नेली, तर मागं वळली. कुठूनही ठेवा, तिचं बोट (टोक म्हणायचं होतं) तिथंच. माझ्या कानामागं घाम आला.

मंजुषाला मात्र गुळाची ढेप सापडल्यासारखं झालं. म्हणे हाच माझा प्रकल्प, इथं खाली लोखंड असणार, खणून बघू. मी सांगितलं, भरल्या घराचा उंबरा खणत नाहीत. म्हणाली, उंबऱ्याच्या शेजारी खणू. मी सांगितलं, तिथं तुझी पणजी बसायची. म्हणाली, "मग तिला जरा सरकायला सांग." (नाक तुमचं, तोंड सासूबाईंचं.) दोन दिवस मी तिथं गोणपाट घालून वर पाटा ठेवला. पण भाकरी थापताना पाठीवर कुणीतरी बघतंय असं वाटायचं. वळून बघितलं की काही नाही, नुसता पाटा. तिसऱ्या दिवशी पोरगी परत रडायला लागली की शनिवार आला. मग मी म्हटलं, खण बाई.

भर दुपारी खणलं, कारण शाळा सकाळची. खुर्पं जवळ आणलं की सुई खुर्प्याच्या मागं पळायची, म्हणून वाटी दूर ठेवून लाकडी उलथन्यानं माती उकरली. वीतभर खाली गेल्यावर मातीला मशेरीचा वास आला. मंजुषा म्हणते आला नाही. मला आला. आणि मग फडक्यात बांधलेला सासूबाईंचा विळा निघाला, पितळी कड्याच्या मुठीचा, तुमच्या उशाशी बाळंतपणात सव्वा महिना ठेवलेला तोच. गंजून पातळ झालाय, पण मोडलेला नाही. कुणी पुरला, का पुरला, देवाला ठाऊक. उंदीर-घुशी काय काय ओढून नेतात. महेश म्हणाला, घूस गाठ मारते का? त्याला मी मळ्यात पाठवलं.

तर वन्सं, चौतीस वर्षांनी विळा घरातच निघाला. तुमच्यावरचा आळ धुतला गेला, हे मी दूधवाल्यापासून रंगूबाईपर्यंत सगळ्यांना सांगितलं आहे. शुभांगी आणि मुलं तुम्हाला पाया पडतात. गुडघ्यांना निरगुडीचा शेक घ्या.

तुमची,
ठमा

ता. क. विळा चिंचेनं घासून ठेवला आहे. ज्ञानेशच्या बायकोच्या उशाशी ठेवायला तो तुमच्याकडंच यायला हवा. मी पाठवणार नाही. इथं येऊन न्यावा.

आणखी एक. फडकं माझ्या चोळीचं होतं. घूस-बीस काही नाही, वन्सं. विळा मीच पुरला होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवत नव्हती. माझ्या आईनं सांगितलं की पोरगा झालेल्या बाळंतिणीच्या उशाचा विळा आपल्या चुलीच्या उंबऱ्याशी पूर, कुणाला बोलू नको. तो सापडेना म्हणून सासूबाई ओरडायला लागल्या तेव्हा मी घाबरले आणि तोंडात तुमचं नाव आलं. पुढच्या वर्षी महेश झाला. मग काढायची भीती वाटली, की काढला तर पोराला काही होईल. आता काढला आहे, आणि महेश दोन वेळा जेवून मळ्यात गेला आहे. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही आलात की तुमच्यासमोर अंगणात उभी राहून सांगेन, गाठोडं सोडलं होतं त्याच जागी.

शेवटचं, आणि पत्र खरं ह्याच्यासाठी लिहिलं. खड्डा बुजवला, सारवलं, खाली लोखंडाचा कण उरलेला नाही, मंजुषानं चुंबक फिरवून बघितलं. सरांनी प्रकल्प पसंत केला, पण म्हणाले विळा काढल्यावर सुई उत्तरेला आली पाहिजे. ती येत नाही. अजून उंबऱ्याकडंच टोक करून बसते. मंजुषानं तीन सुया बदलल्या. तिला कारण सापडत नाही, आणि काय राहिलं आहे ते मला कळतं, पण तिला सांगता येत नाही. बुधवारी सर घरी बघायला येणार आहेत, त्यांनी मार्क कापले तर पोरगी जेवायची नाही. म्हणून वन्सं, मंगळवारी सकाळच्या एसटीनं या. त्या उंबऱ्यावरून आत या, त्या कोपऱ्यात बसा आणि बाराच्या आत घोटभर पाणी प्या. वाटी भरून ठेवते.