फिनलंडचा मासा वाढलाय

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही जात नाही. सध्या मी लिथुआनियात आहे, आपल्या कोल्हारपासून लई लांब. मासळीच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहून मासे निवडतो. स्मेल्ट म्हणतात त्याला. बोटाएवढा, चकचकीत, आणि खोटं वाटेल तुम्हाला, ताज्या माशाला काकडीचा वास येतो. मी आलो तेव्हा पेट्या बहुतेक समोरच्या खाडीतल्याच असायच्या, आता बाहेरच्या देशांतल्याच जास्त. आमचा म्हातारा मुकादम पेटी फोडता फोडता चिडतो. "आपला मासा आटला, खाडीवर पहिल्यासारखा बर्फ धरत नाही. एस्टोनियाचा एक साल वर, एक साल खाली. कॅनडावाल्यांना तळ्यात मिळतोच आहे. आणि फिनलंडचा बघ, कसा वाढलाय!" फिनलंड म्हणताना त्याचं तोंड असं होतं, जसं काय भावकीतल्या कुणाच्या विहिरीला पाणी लागलंय. बाकीचे हसतात. मला हसू येत नाही, ते तोंड माझ्या ओळखीचं आहे.

तुम्ही प्रवरेत होडी घालायचात तेव्हा धाकट्या भावाला पुढं बसवायचात. एकदा मी हट्टानं चढलो, तर होडी परत काठाला लावलीत. "उतर खाली. तुझ्या पायाला भिंगरी हाय, मासं पळत्यात." धाकटा खुदकन हसला. जाळं विणायची सुई त्याच्या हातात आली, मला मासळीच्या पाट्या उचलायला ठेवलंत. मागच्या रविवारी मुकादमानं मला गोठलेल्या खाडीच्या बर्फावर नेलं. बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि हलायचं नाही. आबा, मी सकाळपासून बसलो. मी! निघताना त्यानं पाठीवर थाप मारली, "चांगला बसतोस." एवढंच म्हणाला, आणि मला तोंड फिरवावं लागलं.

दोनच दिवसांनी धाकट्याचा फोन. "दादा, नदीत आता काय बी घावत न्हाई. पोरं ल्हान हायती. तिकडं माझं काय तरी बघ की."

म्हटलं, "तुला थंडी झेपायची न्हाई."

"आबांनी थंडीत कमरंएवढ्या पाण्यात उभं केलंय मला. इसारला व्हय?"

कसा विसरेन? बाहेरच्या पेट्यांनी काम वाढलंय, पट्ट्यावर माणसं कमी पडतायत. मुकादम रोज विचारतो, गावाकडं कुणी आहे का, न हलता उभा राहणारा. धाकटा आला तर पुढच्या थंडीत बर्फावर म्हाताऱ्याशेजारी कोण बसेल, ते मला आजच दिसतंय.

हे पत्र टाकायला जागा नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. धाकट्याला काल सांगून टाकलं, इथला मासा कमी झालाय, कारखान्यात माणसांची भरती बंद आहे. त्यातलं माशाचं तेवढं खरं आहे.