अकरा मेच्या परवान्यावरची माझी सही

मी, वीरप्पा शिवपुत्र बिराजदार, वय ६८, राहणार मुरुम, ता. उमरगा, जि. धाराशिव, साखर कारखान्यांच्या टाक्या साफ करून देणारा पोटठेकेदार, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. लिहिण्यासाठी कोणी दबाव आणलेला नाही. न लिहिण्यासाठी मात्र बराच आणला गेला.

१. मुरुमचे राहते घर पत्नी कमलबाई हिला, तिच्या पश्चात मुलगा श्रीशैल याला. ती असेपर्यंत त्याने घर विकण्याचा विषयसुद्धा काढू नये.

२. बँकेतल्या ठेवीतून आधी कोर्ट माझ्यावर बसवील ती भरपाई द्यावी. उरेल ते दोघांना निम्मे-निम्मे.

३. हवा सोडायचा पंखा, दोर, कमरेचे पट्टे आणि वायू तपासायचे यंत्र आमच्या सहा कामगारांना. यंत्र मी तपासणीला साहेब आले की दाखवण्यापुरते घेतले होते. त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नाही, याची मला लाज वाटते.

४. ठेक्याचा परवाना मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकील दीपमालाताई सांगतात. देता आला असता तरी श्रीशैलला दिला नसता.

५. ज्या मोठ्या ठेकेदाराने "पुस्तकभर सह्या एकदाच मारून ठेवत जा, बिराजदार" अशी अक्कल मला शिकवली, त्याचा हार माझ्या अंत्यविधीला आला तर दारातूनच परत करावा. अक्कल घेणारा मीच, हेही खरे.

६. कळंबला पुतणीच्या लग्नात काढलेला माझा फोटो आणि टाकीत उतरण्याच्या परवान्यांचे पुस्तक जाईबाई आबाराव बनसोडे यांना.

फोटोत मी फेटा बांधून मधोमध उभा आहे, मागच्या फलकावर तारीख ११ मे २०२३. त्याच तारखेच्या परवान्यावर माझी सही आहे, की वायू तपासला आणि मी स्वतः टाकीच्या तोंडाशी हजर आहे. ती सही आठवडाभर आधीची. मांडवातून फोन करून मी जाईबाईंचा नवरा, माझा कामगार आबाराव याला मळीच्या टाकीत उतरायला सांगितले. तो आत गुदमरून गेला. पुढे कोर्टात मी लिहून दिले, की तो दारू पिऊन, कोणाला न विचारता उतरला.

जाईबाई माझ्या दारात आल्या तेव्हा भरपाईचे बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, "मालक, ते पेत न्हवते. तेवढं तरी कागदावर लिवा." मी त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही.

७. हे सगळे माझ्या माघारी उघडावे, असा माझा बेत होता. श्रीशैलही तेच म्हणतो, "आप्पा, तुमच्या माघारी देऊ की. जित्तेपणी बेडी कशाला?" पण दीपमालाताई म्हणतात, मी गेल्यावर हे कागद म्हाताऱ्याचा भ्रम ठरवतील, आणि उलटतपासणीला मी नसेन. मला ते पटले. म्हणून बाकीची कलमे मृत्यूनंतर, कलम ३ आणि ६ आजच. फोटो व पुस्तक जाईबाईंच्या हाती दिले आहे. येत्या १९ तारखेला धाराशिवच्या कोर्टात मी साक्षीला उभा राहणार. श्रीशैलने गाडी दिली नाही तर एसटीने जाईन. तिथे माझी वाचा बसली, तर ताईंनी माझ्यादेखत एवढे वाचून दाखवावे:

आबाराव प्यालेला नव्हता. मी त्याला उतरवले. मी तिथे नव्हतो.

(सही) वीरप्पा शिवपुत्र बिराजदार

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर झाली. आम्हाला यातून काही मिळायचे नाही.
साक्षीदार: १. सिद्धेश्वर मल्लिनाथ स्वामी (सही)
२. बब्रुवान रामराव शिंदे (सही)

उमरगा, ८ ऑगस्ट २०२५