माडाखाली लावलेली गाडी

३ नोव्हें.
सकाळी चहा गाळताना धाडकन आवाज. गाडीच्या बॉनेटवर नारळ. पत्रा वाटीसारखा खोल गेलाय. काच वाचली, नशीब.
चूक माझीच. आंब्याखाली पाला फार पडतो, झाडून कंबर मोडते, म्हणून परवा माडाखाली लावली. हे असताना गाडी कधी तिथे गेली नाही. शिवाय गणपतीआधी पाडेलीला बोलावून सगळ्या माडांचे नारळ उतरवून घ्यायचे. यंदा गणपतीच्या आधी हेच गेले. नारळांची आठवण कुणाला...

४ नोव्हें.
विम्याच्या मयेकरला फोन. “काकी, फुल कव्हर आहे. क्लेम टाकूया, सोडता कशाला?”
संध्याकाळी ठाण्याहून निनादचा फोन. तोही तेच. “आई, मिळतंय तर घे. नाहीतरी विकायचीच आहे. नवं बॉनेट असलं की बरी किंमत येईल.”
विकायचीच आहे. हे कधी ठरलं? लेकाने परस्पर ठरवलं. वाद घालायला अंगात त्राण नाही. फोन ठेवला.

५ नोव्हें.
झोप लागली नाही नीट. ह्यांची आठवण. रिन्यूअल आलं की कागद घेऊन झोपाळ्यावर बसायचे आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायचे. “चावी हरवण्याचं कव्हर! अगो, चावी तुझ्या पर्समधून बाहेर पडते कधी?” असं म्हणून ती ओळ खोडायचे. गेटच्या चिऱ्याला घासून ओरखडा आला तर माझं मरून नेलपॉलिश त्यावर. गाडीचा रंग तोच. “क्लेम मोठ्या पडझडीसाठी ठेवायचा गो.”
मी नुसती हं म्हणायचे. आता वाटतं, नीट ऐकायला हवं होतं.

७ नोव्हें.
मयेकरला घरीच बोलावलं. क्लेम केला तर काय जाईल, सरळ विचारलं. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, “नो क्लेम बोनस जाईल काकी. काकांनी इतकी वर्षं एकही क्लेम केला नाही, त्याची सूट आहे ती. पुन्हा पहिल्यापासून.”
“आणि तो बोनस ह्यांच्याबरोबरच गेला ना?”
“नाही, वारसाला मिळतो. गाडी तुमच्या नावावर करून घ्या. तीन महिन्यांच्या आत मात्र.”
ह्यांनी कुणाकडे कधी काही मागितलं नाही. माझ्याकडेसुद्धा. शेवटच्या दिवसांत पाणीसुद्धा स्वतः उठून... असो.

८ नोव्हें.
पाडेली आला. वर चढण्याआधी बॉनेटकडे बघत उभा राहिला. “काकी, औंदा सांगावा नाय आला. माडानं राग काढलान बघा गाडीवर!” दोन महिन्यांनी हसले. नारळ उतरवून झाल्यावर नुसती मजुरी घेतली, दरवर्षीचे दोन नारळ नको म्हणाला. मीच पिशवीत टाकले.

११ नोव्हें.
डेंटरकडे गेले. पत्रा बाहेर काढून रंग मारून देईन म्हणाला. सांगितला तो खर्च जाणाऱ्या सवलतीपेक्षा कमीच. क्लेम नाही. ठरलं.
काम लगेच नको म्हटलं. का, ते मलाही सांगता येत नाही.

१६ नोव्हें.
आर.टी.ओ. मृत्यूदाखल्याची आणखी एक प्रत हवी. खिडकीतल्या मुलीने “मयत मालक” असं मोठ्याने विचारलं. तिचा दोष नाही. घरी येऊन नुसती पडून राहिले.

१९ नोव्हें.
मयेकरने नवीन पॉलिसीचा हिशोब पाठवला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, आधी प्रश्नपत्रिका पूर्ण वाचा. वाचला. चावीचं कव्हर परत आलंय. आणि एक नवीन ओळ: पगारी ड्रायव्हर.
फोन केला. “मयेकर, हा ड्रायव्हर कोण?”
“म्हणजे... काका नाहीत आता. तुम्ही ठेवालच ना काकी कुणीतरी.”
“ड्रायव्हर मीच.”
“काढतो ती ओळ. चावीचीही काढू?”
“चावी माझ्या पर्समध्ये असते.”
भाट्याच्या पुळणीवर ह्यांनी शिकवली होती गाडी. ओहोटीला, वाळू घट्ट असताना. क्लच सोडला की गाडी उडी मारायची, आणि हे डॅशबोर्डला धरून हसायचे. त्यानंतर शेजारी मी, चालवायचे हेच. का सोडली मी चालवणं?

२४ नोव्हें.
पैसे भरले. जुन्या विम्याची मुदत संपायला अजून दिवस आहेत. मध्ये एक दिवस जरी विम्याशिवाय गेला तर गाडी आधी तपासायला येतात, मयेकर म्हणाला. नावाचं काम आर.टी.ओ.त अडकलंय, ते झालं की पॉलिसीवरही माझं नाव येईल.
निनादला कळवलं. “आई, विकायची गाडी, आणि तू वर्षभराचा विमा काढलास?” मग म्हणाला, “शनिवारी येतो. समोरासमोर बोलू. गाडी बघायला एक मित्रही येईल.”

२८ नोव्हें.
सकाळी बॉनेटच्या खळग्यात दव साचलं होतं. एक चिमणी येऊन पिऊन गेली.
गाडी परत आंब्याखाली लावली. उतरण्याआधी काचेतून वर पाहिलं, सवयीने. ही सवय ह्यांची.
निनादचा फोन, स्टेशनवरून रिक्षा करतो म्हणाला. म्हटलं, नको. मी येते न्यायला.